बिननावाची माशी

रिकामटेकडी माणसं माशा मारत बसतात. सिब्रन हुकस्ट्रा माशा बांधत बसतो.

कॅनडातल्या टेल्क्वा गावात पोस्टाच्या मागच्या गल्लीत, बल्कली नदीचा आवाज येईल इतक्या अंतरावर त्याचं निळ्या पत्र्याचं घर आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला एक चिमुकला शेगडा, लोहार-सुतार वस्तू पकडून धरायला वापरतात तसला, कायमचा आवळलेला. त्याच्या चिमट्यात गळ धरायचा आणि त्या गळावर कोंबड्याच्या मानेची पिसं, हरणाच्या शेपटीचे केस, चंदेरी तार आणि रंगीत लोकर दोऱ्याने अशी गुंडाळायची, की पाण्यात गेल्यावर ती एखाद्या जिवंत किड्यासारखी नाचली पाहिजे. यालाच इकडे माशी म्हणतात. टेबल एकच असल्यामुळे न्याहारीही तिथेच होते, आणि लापशीच्या घासात एखादं पीस आलं नाही तर सिब्रनच्या बायकोला, गेस्काला, चुकल्याचुकल्यासारखं होतं.

त्याच्या माशांना सगळ्या खोऱ्यात तोड नाही. सिब्रनची माशी लावली आणि मासा आला नाही, असं सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. म्हणजे एक आहे, पण तो स्वतः सिब्रन. हॉलंडच्या उत्तरेकडच्या फ्रीझियन भाषेत ‘हुकस्ट्रा’ म्हणजे कोपऱ्यावरचे लोक, असं तो पोटतिडकीने सांगतो. गावाने मात्र त्याचा सोपा अर्थ लावला आहे: ज्याचा मासा हमखास हुकतो तो हुकस्ट्रा.

यात दोष थोडा माशाचाही आहे. स्टीलहेड हा नदीत जन्मून समुद्र बघून आलेला मासा. परदेशी राहून माघारी आलेल्या पाहुण्यासारखा तो आपल्या नदीत आला की जेवत नाही, नुसता भाव खातो. माशी नाकासमोरून झुलत गेली की कधी चिडून, तर कधी उगाच, तो तिला तोंड लावतो. मग सावकाश वळतो, आणि वळताना गळ आपोआप त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. तेवढा वेळ माणसाने करायचं काय? काहीही नाही. हिसका द्यायचा नाही, काठी उचलायची नाही, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.

आणि नेमकं हेच सिब्रनला जमत नाही. उभा जन्म त्याने लाकडाच्या गिरणीत काढला, तोही मोठ्या करवतीपाशी, लाल दोरीखाली उभं राहून. ओंडका जरा वाकडा सरकला की दोरी खेचून करवत बंद करायची, एवढंच काम. त्या एका खेचण्याने त्याने निदान तीन माणसांची बोटं वाचवली आहेत. गिरणी सुटली, पण हाताला ते कळलेलं नाही. माशाने नुसतं टुक् केलं की सिब्रनचा हात सगळी करवत बंद करायला निघतो, आणि माशी माशाच्या तोंडातून सुटून झाडावर जाऊन बसते.

याची भरपाई तो आखणीत करतो. नाताळचे दिवे उतरले, नदीवर बर्फ धरला, की टेबलावर नकाशा पसरायचा आणि ऑक्टोबरची सहल जानेवारीतच सुरू करायची. कुठल्या दिवशी कुठला डोह, मासे धरायला आलेले जर्मन पाहुणे कधी परत जातात, मूस नावाच्या थोराड सांबराची शिकार कधी सुरू होते म्हणजे निम्मा गाव जंगलात असेल, कुठल्या वळणावर चीजचं सँडविच खायचं आणि कुठल्या वळणावर सॉसेजचं, सगळं ठरलेलं. पहिली आखणी फसली तर दुसरी, दुसरी फसली तर तिसरी. एका वर्षी सातव्या आखणीपर्यंत मजल गेली होती. ती सातवी आखणी ‘घरी बसणे’ अशी निघाली, आणि तेवढी एकच तंतोतंत पार पडली. आखणीत खोट काहीच नसते. फक्त ती नदीला कुणी वाचून दाखवत नाही.

दर एप्रिलात गेस्काच्या वाढदिवसाला तो तिला मासेमारीचा परवाना भेट देतो. “कधी वाटलं तर असावा,” असं म्हणतो. तिला कधी वाटलेलं नाही. ती त्याचा उपयोग पाककृतींच्या पुस्तकात खूण ठेवायला करते.

आता या साध्या, सुखी माणसाच्या घशात जे हाड अडकलं, ते त्याने स्वतःच्या हाताने घातलेलं होतं.

गावच्या हॉलमध्ये हिवाळ्यात दर गुरुवारी माशा बांधणाऱ्यांची बैठक भरते. भिंतीवर एक लाकडी फळा आहे. त्यावर खोऱ्यातल्या नामांकित माशा टांगलेल्या, आणि प्रत्येकीखाली पितळी पट्टीवर तिचं नाव. काही वर्षांपूर्वी सिब्रनचा शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेला डेल प्रूडन, एक माशी घेऊन आला आणि म्हणाला, “हिचं नाव ‘प्रूडन सम्राट’. लावा पट्टी.”

“मासा आलाय का हिच्यावर?” सिब्रनने विचारलं.

“येईल की. कल्पना माझी आहे!”

“आणि बांधली कुणी?”

“मेहुणीने. माझी बोटं जाड.”

सिब्रन उठून उभा राहिला. असा तो एरवी फक्त चर्चमध्ये उठतो. “सुचायला काय जातं, लेका? मला कॅनडाचा पंतप्रधान व्हायचंसुद्धा सुचतं! हे बघा मंडळी, ज्याने माशी स्वतःच्या हाताने बांधली, त्यानेच तिच्यावर मासा हाताशी आणला पाहिजे, आणि दुसऱ्याने तो डोळ्यांनी पाहिला पाहिजे. नाव ठेवायचा हक्क त्याचा. सुचणं नाही, बांधणं!”

टाळ्या पडल्या आणि नियम मंजूर झाला. डेल तोंड फुगवून घरी गेला, स्वतःच्या जाड बोटांनी न्हाणीघराच्या मोरीतून निघालेल्या गुंतवळासारखी एक माशी बांधली, आणि पुढच्या हंगामात तिच्यावर पहिल्याच दिवशी मासा काढला. ‘प्रूडन सम्राट’ फळ्यावर चढली. सिब्रनची सर्वांत गाजलेली माशी मात्र तिच्याच शेजारी कोऱ्या पट्टीवर लटकत राहिली.

माशी मोठी देखणी. अंग काळं-जांभळं आणि गळ्याशी नारिंगी लोकरीचा एक फेरा. ती लोकर गेस्काच्या आईने हॉलंडहून विणून पाठवलेल्या मफलरची. आधी सिब्रनने गुपचूप झालर कापली, मग टोक कापलं. पुढे पुढे मफलरचा रुमाल झाला तेव्हा गेस्काच्या लक्षात आलं.

“रागावू नकोस,” सिब्रन म्हणाला. “या माशीला मी तुझं नाव देणार आहे.”

“वा! म्हणजे माझ्या आईचा मफलर कापायचा आणि वर मलाच माशांच्या तोंडी द्यायचं?”

असं म्हणाली खरी. पण हॉलची झाडलोट तिच्याकडे असते, आणि फळ्यावरचं पितळ घासताना त्या कोऱ्या पट्टीवर तिचा हात जरा जास्त वेळ फिरतो, हे डेलच्या बायकोने पाहिलेलं आहे.

नाव नसल्यामुळे दुकानात लोक तिला ‘ती आपली ही’ म्हणत. “चार ‘ती आपली ही’ द्या,” असं म्हटलं की दुकानदार बरोबर देई. वर्षं चालली होती. मग या सप्टेंबरात डेलने बैठकीत कोपरखळी मारली.

“मंडळी, पोर शाळेत जायच्या वयाची झाली, अजून बारसं नाही. मी म्हणतो, थँक्सगिव्हिंगच्या जेवणापर्यंत बापाने नाव ठेवावं. नाही जमलं तर गावाने मतं टाकून ठेवावं. माझ्याकडून नाव आत्ताच सुचवून ठेवतो: ‘हुकलेली’.”

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. पाद्रीबाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. सिब्रनही हसला. पण घरी येऊन त्याच्या घशाखाली वाटाण्याचं सूप उतरेना. ‘हुकलेली’! तीही पितळेत कोरून, आणि तीही गेस्काच्या आईच्या लोकरीवर!

“जाऊ दे रे,” गेस्का म्हणाली. “माशीच आहे ती.”

“माशीच आहे?” सिब्रन इतक्या दुखावलेल्या सुरात म्हणाला की तिने त्याच्या पुढ्यात आणखी एक सॉसेज वाढलं.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती फक्त या दोघांना माहीत होती. गेल्या हिवाळ्यात सिब्रनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. दोरा दिसेना, गळ कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं ते कळेना. दोन वेळा त्याने स्वतःचा अंगठाच सुबक बांधून काढला. तेव्हा गोधड्या शिवण्यात हयात घालवलेली गेस्का म्हणाली, “सरक बाजूला,” आणि शेगड्यापुढे बसली. सिब्रन तोंडाने सांगत गेला, ती बांधत गेली. त्या हिवाळ्यातल्या सगळ्या माशा तिच्या हातच्या. जूनमध्ये उजव्या डोळ्याचं काम झालं, डावा अजून रांगेत आहे. पण डेलने पेटी उघडून “यंदा गाठी काय सुबक आल्यात! म्हातारपणी हात सुधारला की तुझा!” असं म्हटलं, तेव्हा सिब्रन नुसता हं म्हणाला. ते हं त्याला पुढे महागात पडणार होतं.

ऑक्टोबरातला थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे इकडच्या सुगीच्या सणाचा, आठवडा उजाडला आणि सोमवारपासून पाऊस लागला. नदी दुधाळ कॉफीसारखी झाली. पहिली आखणी सोमवारी वाहून गेली, दुसरी मंगळवारी. शुक्रवारपर्यंत सिब्रन खिडकीत उभा राहून नदीला आपल्या बाजूने समजावत होता. शनिवारी सकाळी ऊन पडलं, हडसन बे डोंगरावर नवा बर्फ चमकला, आणि दुपारपर्यंत काठाच्या पाण्यात आपले बूट दिसायला लागले. रविवारी चर्चनंतर थँक्सगिव्हिंगचं जेवण होतं, आणि रविवारी हुकस्ट्रांच्या घरात कुणी गळ टाकत नाही. सिब्रनचे आजोबा तर रविवारी घड्याळाला चावीसुद्धा देत नसत. म्हणजे काय ते आजच.

डाव्या डोळ्यामुळे तिन्हीसांजेला गाडी चालवायची त्याला मनाई होती, म्हणून गेस्का गाडीवर. साक्षीदार हवा, म्हणून मागे डेल, मांडीवर खाण्याची पिशवी घेऊन.

“मी निःपक्षपाती आहे,” डेल म्हणाला. “मला फक्त तू हरायला हवा आहेस.”

गेले ते पाद्रीबाबांच्या डोहावर. एकदा पाद्रीबाबा त्यात पडले होते, म्हणून हे नाव. सिब्रनने छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, दोन हातांनी धरायची लांब काठी घेतली, आणि फेक, झुलू दे, एक पाऊल खाली, पुन्हा फेक, असं सुरू केलं. काठावर पिवळी पानं पडत होती. डेल खात होता. गेस्का घडीच्या खुर्चीत बसून विणत होती.

डोहाच्या मध्यावर टुक् झालं.

सिब्रनच्या हाताने गिरणी बंद केली. दोरी सणसणत मागे आली आणि माशी गेस्काच्या विणकामात येऊन अडकली.

“हुकला!” डेल आनंदाने ओरडला. “पट्टी कोरायला टाकू का?”

गेस्काने माशी सोडवली, तिची विस्कटलेली पिसं ओठांनी सारखी केली आणि परत दिली. “टुक् झालं की मनात बायबलमधलं एखादं वचन म्हणत जा,” ती म्हणाली.

“वचन संपेपर्यंत मासा समुद्रात पोचेल.”

तो पुन्हा पाण्यात गेला. सूर्य उतरला. हवा दातांना लागायला लागली. त्यात आखणीप्रमाणे त्याने थर्मासभर कॉफी प्यायली होती, आणि आखणीत फक्त कॉफीच्या परिणामाचा विचार राहून गेला होता. शेवटी तो पाय आवळत काठाला आला. रबरी विजार, तिचे पट्टे, जाकीट, दोन स्वेटर आणि लोकरीची आतली विजार एवढं सगळं उतरवायचं म्हणजे घर बदलण्याइतकं काम. त्याने काठी गेस्काच्या हाती दिली. माशी खाली प्रवाहात काठाजवळ तरंगत होती.

“परवाना आहे ना?”

“पाककृतींच्या पुस्तकासकट. पिशवीत आहे.”

“मग नुसती धर. काही करू नकोस.”

“काही म्हणजे?”

“काही म्हणजे काहीच नाही.”

“ते मला येतं,” गेस्का म्हणाली. “तुझ्या आखण्या चालू असतात तेव्हा मी तेच करते.”

सिब्रन झुडपाआड गेला. गेस्काच्या बोटांना थंडी झोंबत होती, म्हणून तिने काठी काखेत दाबली आणि हात कोटाच्या खिशात घातले. डेल म्हणाला, “पेपरमिंट आहे का गं एखादं?” चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की अख्ख्या बाकावर तिच्याच खिशातून पेपरमिंट फिरतात. ती खिसा चाचपू लागली.

“उद्याच्या भोपळ्याच्या पायमध्ये, त्या गोड सारणात, मी यंदा आलं जास्त घालणार आहे,” ती म्हणाली. “डेल, ही काठी टकटक करतेय.”

“टकटक?” डेलच्या तोंडात सँडविच होतं. “मग कर की काहीतरी!”

“काही करू नको म्हणालाय. या खिशात नाही वाटतं, दुसऱ्यात—”

आणि रीळ किंचाळलं. काठी कमानीसारखी वाकली, गेस्काचे हात खिशातून बाहेर आले, आणि पंचवीस पावलांवर गुलाबी पट्ट्याचा एक चंदेरी धोंडा पाण्याबाहेर उडून धाडकन परत पडला. गेस्काने फ्रीझियन भाषेत अशी एक शिवी घातली, की झुडपाआडच्या सिब्रनला इतक्या वर्षांच्या संसारात ती नवीन होती.

तो धावत आला. पट्टे लोंबतायत, विजार गुडघ्यांवर धरलेली. “ओढ! ओढ गेस्का, ओढ!”

“थांब जरा! तूच म्हणालास काही करू नकोस!”

“दोरी सोड! काठी उभी धर!” डेल नाचायला लागला. “रुतलाय! स्वतःच वळून रुतलाय! अहाहा, असा रुतवायला माणसाला जन्म घालवावा लागतो!”

मासा खाली पळाला, वर आला, पुन्हा पळाला. गेस्का बूट रोवून उभी होती, टोपी एका कानावर आली होती. थोड्या वेळाने ती धापा टाकत म्हणाली, “सिब्रन, घे बाबा तुझं जनावर. माझे खांदे निघाले.”

सिब्रनने दोन्ही हात पुढे केले.

“घे, घे!” डेल ओरडला. आणि इथे सांगायलाच हवं, की डेल प्रूडन तोंडाचा फाटका असला तरी मनाचा मोठा आहे. “नियमात बसतं! माशी तू बांधलीस, हाताशी तू आण. सुरुवात कुणी केली याबद्दल नियम काही बोलत नाही. मी साक्ष देतो. ठेव तुझ्या बायकोचं नाव आणि सुटू दे मला एकदाचा!”

काठीची मूठ बोटभर अंतरावर होती. दोरीच्या त्या टोकाला, माशाच्या जबड्यात, नारिंगी गळ्याची माशी होती. ती जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, जिभेचं टोक दातांत धरून कुणी बांधली, ते सिब्रनला दिसत होतं. डाव्या डोळ्यानेसुद्धा. डेलला ते माहीत नव्हतं. गेस्का तर काठी पुढे करून उभीच होती. फक्त घ्यायची होती.

आयुष्यात पहिल्यांदा सिब्रन हुकस्ट्राचे हात निघाले आणि वाटेत थांबले. त्यांना भलतं काही सुचायच्या आत त्याने ते जाकिटाच्या खिशात कोंबले. सुटलेली विजार तोवर घसरून घोट्यांवर आली होती.

“नाही घेता येत,” तो म्हणाला.

“का? वात आला का हातांना?”

“ती माशी मी नाही बांधलेली.”

“मग कुणी?”

“काठी जिच्या हातात आहे तिने. यंदाच्या सगळ्याच.”

 डेलला जे हसू फुटलं, त्यात तो मागे सरकता सरकता पाद्रीबाबांच्या डोहात बसला, आणि बसूनच हसत राहिला. “तरीच! मी म्हटलं, तुझ्या बोटांना एका हिवाळ्यात एवढी अक्कल आली कुठून!”

“तुमची सभा संपली असेल,” गेस्का ओरडली, “तर मी याचं काय करू ते सांगा!”

मग सिब्रनने सांगितलं. लोकरीच्या आतल्या विजारीवर, हात खिशात घालून, थंडीने कुडकुडत सांगितलं. काठी आता डावीकडे झुकव. पळतोय, पळू दे. आता थकलाय, मागे ये. चांगली करवत चालते तेव्हा त्याचा आवाज असा सपाट आणि शांत असायचा. गेस्का मागे मागे आली, मासा उथळ पाण्यात आडवा झाला. ती बुटांत पाणी भरत आत शिरली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. माशी जबड्याच्या कोपऱ्यात होती, अगदी जिथे असायला हवी तिथे. तिने गळ सोडवला, आणि स्टीलहेड परत सोडायचाच असा इथला कायदा असल्यामुळे मासा प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर धरला, आणि त्याने शेपटी मारून तिच्या तोंडावर पाणी उडवलं आणि गेला.

“गेला?” गेस्का म्हणाली. “एवढं करून? आभारसुद्धा नाहीत?”

परतताना गाडीत हीटर लावूनही तिघं कुडकुडत होते, दोघं ओले म्हणून आणि एक उशिरा कपडे केले म्हणून.

“मग नाव माझ्या हातात?” गेस्काने विचारलं.

“नियम आहे,” सिब्रन म्हणाला.

“कुठल्या गाढवाने केला?”

मागून डेलने उत्साहाने बोट दाखवलं.

रविवारी हॉलमध्ये टर्की, कुस्करलेले बटाटे, मोहरी लावलेले सॉसेज आणि भोपळ्याच्या सारणाचे गोड पाय यांच्यामधून डेल उभा राहिला आणि त्याने साक्ष दिली. त्यात विजारीचा भाग त्याने दोन वेळा सांगितला. मग सगळे गेस्काकडे वळले. सिब्रन ताटाकडे बघत होता. तिला स्वतःचं नाव ठेवायची लाज वाटेल, हे त्याला ठाऊक होतं. ‘हुकलेली’ सोडून दुसरं काहीही चालेल, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

“‘हात खिशात’,” गेस्का म्हणाली.

“काय?”

“माशीचं नाव. ‘हात खिशात’. आणि ते पेपरमिंट मला अजून सापडलेलं नाही, डेल, मागू नकोस.”

हॉल हसला. डेल तर टेबलावर बुक्क्या मारत होता. त्या गोंधळात गेस्का खाली बसली आणि सिब्रनच्या ताटात पायचा मोठा तुकडा सरकवत हळूच म्हणाली, “काठी घेतली असतीस तर मी कुणाला काही सांगितलं नसतं.”

“माहीत आहे.”

“म्हणून सांगतेय.”

सिब्रनने तुकडा खाल्ला. आलं जरा जास्त झालं होतं. त्याने आणखी एक तुकडा घेतला.

सोमवारी पहाटे तो अंधारात चाचपडत मोजे शोधत होता. रात्री बारा वाजून रविवार संपल्यावर त्याने शेगड्यापुढे बसून एक माशी बांधली होती, नव्या डोळ्याने, स्वतःच्या हाताने. गाठ काही तितकी सुबक नव्हती. डेल बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होता.

“सिब्रन,” पांघरुणातून आवाज आला. “टुक् झालं की काय करायचं, आहे ना लक्षात?”

“काही नाही.”

“हं. आणि माझ्या कोटाचा खिसा बघून जा. बहुतेक फाटलाय. पेपरमिंट अस्तरात असेल.”